बाळ रात्री उठतं म्हणून त्याला पेज आणि जायफळ देऊ नका

बाळंतिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तीन महिन्यांचं बाळ रात्रभर सलग झोपायलाच हवं. उठत असेल तर आईचं दूध पातळ आहे, पोट भरत नाही. म्हणून झोपताना बाटलीतून नाचणीसत्त्वाची पेज द्या, जायफळाचे चार वेढे उगाळून चाटवा, आणि तरीही उठलं तर अंगावर घेऊ नका, सवय लागते.

पाठवणारी बहुधा मावशी नाहीतर आत्या असते आणि तिला त्या जागून थकलेल्या पोरीची खरीच काळजी असते. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

आधी ‘रात्रभर’चं बघू. १९५७ साली लंडनच्या बाळांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात ‘रात्री झोपतं’ याचा अर्थ मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढाच धरला होता. म्हणजे पाच तास. आपण मात्र रात्री नऊ ते सकाळी सात अशी अपेक्षा धरून बसतो. २०१८ साली कॅनडातल्या ३८८ बाळांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. या बाळांच्या विकासात काही उणं आढळलं नाही. तीन महिन्यांचं तुमचं बाळ दोनदा-तीनदा उठत असेल तर ते त्याच्या वयाला धरूनच आहे.

दुसरं, ‘दूध पातळ आहे’. अंगावरचं दूध म्हशीच्या दुधाशेजारी ठेवलं तर पातळ आणि निळसर दिसणारच. ते लवकर पचतं, म्हणून बाळ लवकर मागतं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं दूध टिकवायलाच मदत करतं. दूध पुरतंय की नाही हे झोपेवरून ठरत नाही, लंगोटांवरून आणि वजनावरून ठरतं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू, महिन्याला अर्धा किलो किंवा त्याहून जास्त वजन, आणि अंगणवाडीतून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ वर चढती. एवढं असेल तर दूध पुरतंय. ‘दूध पातळ आहे’ या एका वाक्यानं किती आयांचा आत्मविश्वास जातो! मग वरचं दूध सुरू होतं, बाळ अंगावर कमी ओढतं, आणि खरोखरच दूध कमी होतं.

आता पेज. १९८९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला हेच तपासलं: काही बाळांना पाचव्या आठवड्यापासून झोपताना धान्याचं खाणं दिलं, काहींना चार महिन्यांनंतर. रात्रीच्या झोपेत फरक पडला नाही. उलट बाजूचाही पुरावा सांगते, कारण तो लपवणं बरोबर नाही. इंग्लंड-वेल्समधल्या १,३०३ बाळांच्या अभ्यासात तिसऱ्या महिन्यापासून अंगावरच्या दुधाबरोबर खाणंही मिळालेली बाळं थोडी जास्त झोपली. किती जास्त? फरक सर्वांत मोठा होता तेव्हाही रात्रीला सुमारे १७ मिनिटं. त्या सतरा मिनिटांसाठी तीन महिन्यांच्या बाळाच्या पोटात बाटलीचा संसर्ग आणि दुधाची जागा अडवणारी पेज घालायची का? मान नीट न धरणाऱ्या बाळाला बाटलीतून घट्टसर पेज ठसकाही लावते. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध सांगते, पाणीसुद्धा नाही. नाचणी उत्तमच आहे. सहा महिने पूर्ण झाले की वाटी-चमच्यानं खुशाल द्या.

जायफळाची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. सहाणेवर थोडं पाणी, त्यावर जायफळ, चार वेढे. पण कुणाचा हात हलका, कुणाचा जड. एक जायफळ ताजं, दुसरं डब्यात वर्षभर पडलेलं. बाळाच्या जिभेवर नेमकं किती गेलं हे उगाळणाऱ्या आजीलाही कळत नाही. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि जास्त झालं तर ते मेंदूवर परिणाम करतं, गुंगी आणतं. ही गुंगी म्हणजे झोप नव्हे. श्वासात अडथळा आला की बाळ जागं होतं, हे त्याचं संरक्षण आहे. तेच आपण बोथट करतो. काही घरांत हे मधातून चाटवतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषानं स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आणि चांगली झोप लागते म्हणून पालथं तर कधीच झोपवू नका. उताणंच झोपवायचं, दिवसाही.

राहिली सवय. तीन महिन्यांच्या बाळाला भूक लागते, ती सवय नव्हे. मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं, ओठ चोखणं या खुणा दिसल्या की रडायच्या आधीच घ्यावं. दोघंही लवकर पुन्हा झोपतात. मात्र बाळ झोपेतच कण्हतं, हातपाय ताणतं, तेव्हा लगेच उचलू नये. मिनिटभर थांबावं, पुष्कळदा ते परत झोपी जातं. रात्री दिवा मंद, बोलणं नाही, लंगोट शी झाली किंवा फार भिजला तरच बदलायचा. दिवसा खिडक्या उघड्या, घरातले आवाज चालू. दिवस-रात्रीचं भान दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हळूहळू येतं. सहा महिन्यांनंतर, वजन नीट वाढत असेल तर, रात्रीचं एखादं पाजणं सावकाश कमी करायला हरकत नाही.

थकवा खरा आहे आणि त्यावरचा उपाय घरातल्या माणसांकडे आहे. पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट, थोपटणं हे बाबांनी किंवा आजीनं करावं, आईनं कूस वळून झोपावं. सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं धोक्याचं असतं, तेव्हा कुणीतरी जागं असावं. दुपारी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घरच्यांनीच नाही म्हणावं.

त्या मजकुरात फार झोपणाऱ्या बाळाचा उल्लेखच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत, जन्माचं वजन भरून येईपर्यंत, तीन-चार तासांनी बाळाला उठवून पाजावं लागतं. आणि कुठल्याही वयाचं तान्हं मलूल पडलं, ओढायचं थांबलं, शू कमी झाली, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.