प्रेस शॉपच्या साउंड मीटरबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक स्टार दिलाय. आमच्याकडून घेतलेला साउंड लेव्हल मीटर तुमच्या प्रेस शॉपमध्ये ८४-८५ डेसिबल दाखवत राहिला, आणि बाहेरच्या एजन्सीने ऑपरेटरच्या खांद्यावर डोसिमीटर (दिवसभर अंगावर राहून आवाज मोजणारं यंत्र) लावून पूर्ण शिफ्ट मोजली तेव्हा ९२ आले. म्हणून मीटर खोटा, सर्टिफिकेट खोटं आणि कॅलिब्रेटर (ठराविक आवाज देऊन मीटर तपासायचं उपकरण) उगाच गळ्यात मारला, असं तुमचं म्हणणं आहे.

तुमच्या माणसाने मीटर आणून दिल्यावर मी स्वतः तपासला. कॅलिब्रेटरमधून १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल दिले, मीटरने ९३.८ दाखवले. क्लास २ च्या, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या मीटरला एवढा फरक चालतो. मीटर आणि सर्टिफिकेट दोन्ही ठीक आहेत.

तरीही तुमची तक्रार रास्त आहे. हा मीटर फक्त त्या क्षणाचा आकडा दाखवतो, सरासरी काढत नाही. प्रेसचा ठोका पडला की आकडा उसळतो, लगेच खाली येतो, आणि वहीत लिहिला जातो तो खाली आलेला. तुमच्या नोंदी तशाच आहेत. शिवाय त्या गँगवेत, म्हणजे ये-जा करायच्या वाटेत उभं राहून घेतल्यात, आणि ऑपरेटरचा कान डायपासून, म्हणजे प्रेसच्या साच्यापासून हातभर अंतरावर असतो. चार तास ९५ आणि चार तास ८५ असतील तर साधी सरासरी ९० निघते, पण आवाजाच्या ऊर्जेची सरासरी ९२ च्या वर जाते. जोराचे ठोकेच सगळा हिशेब ठरवतात.

तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या मुलाने मॉडेल आणि किंमत सांगितली. कुठे, कशासाठी मोजायचंय हे विचारलंच नाही. ही चूक आमची. त्या ८४ च्या भरवशावर तुम्ही ऑपरेटरना इअरप्लग दिले नाहीत, हे वाचून मला फार वाईट वाटलं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. कृपया प्लग आजच द्या, मोजणी मागाहून होईल.

एजन्सीच्या रिपोर्टमध्ये डोसिमीटरचं सेटिंग मात्र बघा. आपल्या कारखाना नियमांच्या तक्त्यात ९० ला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २, म्हणजे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. काही जण ८५ ला ८ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असं लावतात. त्याच शिफ्टचा डोस, म्हणजे कानावर पडलेला एकूण आवाज, मग कितीतरी जास्त दिसतो.

रात्रीच्या जनरेटरबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आहे, त्यालाही हा मीटर पुरणार नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० ही मर्यादा आहे, तीही सरासरीचीच. तिथे सरासरी काढणारा इंटिग्रेटिंग मीटर लागेल, वर वाऱ्याचा आवाज अडवणारी विंडस्क्रीन लावून.

कॅलिब्रेटरबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. मायक्रोफोनचा पडदा नाजूक असतो; मीटर एकदा हातातून पडला तरी आकडा सरकू शकतो. मोजणीच्या आधी आणि नंतर तपासणी केली नसेल, तर तुमचा रिपोर्ट कोणीही खोडून काढेल.

मीटर पूर्ण किमतीला परत घेतो. पैसे हवेत तर पैसे, नाहीतर इंटिग्रेटिंग मीटरमध्ये वळते करू. दोन शिफ्टसाठी आमचा डोसिमीटर विनामूल्य घेऊन मी स्वतः येतो. सगळ्यात मोठ्या प्रेसवरच्या ऑपरेटरपासून सुरुवात करू. त्या दिवशी त्याची नेहमीची जॉब लाइन चालू ठेवा.