'क्लॅटशिवाय लॉ नाही' हा मेसेज चुकीचा आहे

'क्लॅट दिल्याशिवाय बारावीनंतर लॉला प्रवेश मिळत नाही, पेपर फक्त इंग्रजीत असतो' असा मेसेज फिरतोय. तो वाचून शेजारच्या ताई क्लासच्या फीसाठी पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. मुलगी मराठी माध्यमातली. म्हणून हा खुलासा.

क्लॅट ही प्रवेश परीक्षा लागते ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. आपल्याकडे अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तो पेपर खरंच इंग्रजीत असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पण मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस आणि राज्यातली इतर बहुतेक लॉ कॉलेजं राज्य सीईटी कक्षाच्या एमएएच-एलएलबी सीईटी या प्रवेश परीक्षेवर प्रवेश देतात. तिथे प्रश्न मराठीतही असतात, चुकीला गुण कापत नाहीत. सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं आहे. मी ताईंच्या मोबाईलवर पान उघडून वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांना धीर आला.

कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, अर्जही ऑनलाइन असतो, मूळ दाखले हाताशी ठेवून घरीच भरता येतो. एजंटला पैसे देऊ नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.