रॉकेलने गाडी पुसण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘वॅक्सआधी गाडी रॉकेलच्या फडक्याने पुसा, रंग आरशासारखा होतो’ हा मेसेज सध्या दादर-माहीमच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतोय. दोन वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता. त्यात माझी चूक झाली.

रॉकेलने डांबराचे ठिपके निघतात, एवढं खरं. पण मागे तेलकट थर राहतो आणि दिसते ती चमक त्याचीच. त्यावर वॅक्स नीट धरत नाही, धूळ मात्र झटकन बसते. माझ्या गाडीवर पहिल्या दोन-तीन पावसांतच वॅक्स गेलं, तेव्हा डोळे उघडले.

गाडी सावलीत, बॉनेट गार असताना, कार शाम्पूने धुवा. मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून फिरवा. खरखर लागली तर ते रंगात रुतलेले ब्रेकचे लोखंडी कण किंवा तसलंच काहीतरी. रेल्वेलाइनलगत उभ्या गाड्यांवर रुळांचंही लोखंड येतं. हे धुऊन जात नाही. त्याला क्ले बार हवा, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ, मळलेल्या मातीसारखी वडी. ती भरपूर लुब्रिकंट (रंग निसरडा करणारा स्प्रे) मारून, अजिबात दाब न देता फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेका, कितीही जीव तुटला तरी. चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते. क्लेनेही बारीक रेघा उमटू शकतात, म्हणून पॉलिश त्यानंतर आणि वॅक्स सगळ्यात शेवटी.

जुना मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला हा खुलासा द्या.