‘मुलीला ती लस देऊ नका’ म्हणे!

गेल्या रविवारी धाकट्या जावेने एक मेसेज पुढे ढकलला. खाली एवढंच लिहिलेलं, “ताई, हे खरं आहे का गं?” तिची लेक १२ वर्षांची आहे. मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर असा: गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून जी एचपीव्ही (या कॅन्सरमागचा विषाणू) लस देतात, तिच्यामुळे मुलींना पुढे मूल होत नाही. २०१० साली या लसीने सात मुली दगावल्या आणि प्रकरण दाबलं गेलं. हा रोग ‘तसल्या’ बायकांचा, चांगल्या घरात गरजच काय? सगळा परदेशी कंपन्यांचा धंदा. शेवटी, ‘आई असाल तर दहा जणांना पाठवा.’

धंद्याचं आधी उरकते. परदेशी लसी आहेत, तशी पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅकही आहे, २०२३ पासून बाजारात. आली तेव्हा तिला दोन हजारांच्या आसपास पडत होते. महाग आहे, ही तक्रार मला मान्य. पण धंदा तर तापाच्या गोळीचाही होतोच की.

आता त्या सात मुली. इथे मेसेजवाल्याने अर्धं खरं सांगितलंय, म्हणून तर तो पटतो. २००९-१० मध्ये खम्मम (तेव्हाचं आंध्र) आणि वडोदरा इथे मिळून सुमारे २४ हजार मुलींना प्रात्यक्षिक प्रकल्पात ही लस दिली. त्यांतल्या सात जणी पुढे दगावल्या, हे खरं. कशाने? एक बुडून, एक साप चावून, दोघींनी कीटकनाशक पिऊन जीव दिला, एकीला मलेरिया झाला होता. उरलेल्या दोघींचं कारण तेवढं स्पष्ट नाही. एकीला बहुधा जोराचा ताप, दुसरीला मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय. चौकशीत लसीशी संबंध दिसला नाही. हजारो मुलींवर वर्षभर नजर ठेवली की काही मृत्यू नोंदले जाणारच, आणि खेड्यातल्या मुली कशाकशाने जातात ते या यादीतच दिसतं.

आणि दाबलं म्हणाल, तर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने अहवालात कडक ताशेरे ओढले. ते ताशेरे योग्यच होते. आंध्रात वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. पोरगी कुणाची, सही कुणाची! याचा राग मला आजही येतो. पण तो राग कागदावर सह्या करणाऱ्यांवर काढायचा. बाटलीतल्या औषधाने त्यात काही केलेलं नव्हतं.

या गोंधळातून एक भलतीच गोष्ट हाती लागली. त्याच सुमारास देशात या लसीचा वेगळा अभ्यास चालू होता, आपल्या बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटलही त्यात होतं. सरकारने लसीकरण थांबवल्यावर तोही अडकला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांपासून एका डोसनेही जवळजवळ दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळालंय. गर्भाशयमुखाच्या दहांतल्या सात कॅन्सरांमागे हेच दोन प्रकार असतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल म्हटलं, त्यामागे हाही पुरावा आहे.

मूल न होण्याचं म्हणाल, तर लसीत विषाणू नसतोच. त्याच्या कवचाच्या प्रथिनाची नुसती पोकळ टरफलं असतात. गर एक कणही नाही, मग रुजणार काय? आणि फायदा म्हणाल, तर स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळेत ही लस देतात. १२-१३ व्या वर्षी ती पूर्ण घेतलेल्या मुलींमध्ये २०२० पर्यंतच्या नोंदींत हा कॅन्सर एकीलाही झालेला आढळला नाही. याउलट कॅन्सर झालाच, तर बऱ्याचदा पिशवी काढावी लागते किंवा शेक (रेडिएशन) द्यावे लागतात, आणि मूल होणं संपतं ते तिथे.

‘तसल्या बायका’ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. हातावर चामखीळ आली तर कुणी चारित्र्य विचारत नाही, आणि ती याच विषाणूच्या घराण्यातली. कॅन्सर करणारे भाऊबंद शरीरसंबंधातून पसरतात, इतकाच फरक. एका नवऱ्याशी आयुष्य काढलेल्या बाईलाही हा विषाणू मिळू शकतो, कारण त्याच्याकडे तो लग्नाआधीच येऊन बसलेला असू शकतो आणि त्याला पत्ताही नसतो. बहुतेकांना कधी ना कधी लागण होते, दहांतल्या नऊ जणांची दोन वर्षांत आपोआप जाते. एखादीत ठाण मांडून बसतो, आणि कॅन्सर व्हायला पुढे १५-२० वर्षं जातात. पंचेचाळिशीत कॅन्सर निघाला तर ‘कुणामुळे’ हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हे सगळं जावेला लिहिलं. वर विचारलं, तुझी या कॅन्सरची तपासणी कधी? ती ३८ ची. ‘मला काही त्रासच नाही,’ म्हणाली. त्रास नसतोच गं, अंगावरून जायला लागतं तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या ४९७ गावांत १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. एचपीव्हीची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिचं माहेर तिथलंच. तिच्या आईच्या वयाच्या बायका त्यात होत्या.

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, “पोरीला दुखेल का खूप?”

दंड एक-दोन दिवस दुखतो. काही मुलींना भोवळ येते, म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवतात. जाताना तिला खायला घालून ने.