बाराशे रुपयांचा चर

फोटोत माझं कोपर आलं आहे. उजवं. त्यावरचा तांबडा चिखल अगदी स्पष्ट दिसतो, पण कोपराच्या मागचा माणूस चौकटीबाहेर राहिला आहे. फोटोच्या मधोमध, मी दिवसभर खणलेल्या चरावर एक पाय रोवून आणि माझीच कुदळ हातात धरून एक आजोबा उभे आहेत. खाली ओळ आहे : ‘आमचे सर्वांत ज्येष्ठ आणि उत्साही स्वयंसेवक!’ त्याला २१४ अंगठे.

ह्या ज्येष्ठ आणि उत्साही स्वयंसेवकाने दोन दिवसांत तीन घाव घातले. मी मोजलेत. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

प्रकार असा : पायवाट-दुरुस्ती शिबिर, शनिवार-रविवार, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, तंबूत मुक्काम, माणशी १,२०० रुपये. जंगलाची सेवा आपण करायची आणि वर पैसेही आपणच भरायचे, ह्यात काहीतरी गडबड आहे हे मला फोंड्याहून निघताना सुचलं नाही. वाळपईच्या बसस्टँडवर भाजी-पाव खातानाही सुचलं नाही. ते सुचायला आजोबा लागले.

पण आधी चर. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ २०८ चौरस किलोमीटर. त्यातली अर्धा किलोमीटर वाट आमच्या वाट्याला आली होती. पायवाट माणसांच्या पायांनी झिजते असं लोकांना वाटतं. पाय निमित्तमात्र. वाट खातं ते पाणी. ह्या घाटाखालच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाट सरळ उताराला लागली असेल तर पाण्यालाही तीच सोयीची वाटते. पहिल्या वर्षी बोटभर ओघळ, तिसऱ्या वर्षी गुडघाभर घळ. मग लोक घळ टाळून कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, पाणी तिकडे सरकतं आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. वरचा जांभा टणक असतो खरा, पण कवच एकदा फुटलं की खालची मऊ माती साबणासारखी विरघळते.

ह्यावरचा इलाज जुना आहे. वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवायची, मीटरभर रुंदीला ५ सेंटीमीटर. त्याहून जास्त कल दिला की पाण्याबरोबर माणूसही जातो. शिवाय जागोजागी आडवे चर. चर काटकोनात खणायचा नसतो. तिथे पाणी येऊन थबकतं, थबकलं की गाळ टाकतं, आणि दोन मोठ्या सरींत चर बुजतो. तो तिरका हवा, साधारण ४५ अंशांत, म्हणजे पाणी वेग न सोडता वळतं आणि गाळही घेऊन जातं. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला चोपून तिचा बुटका बांध करायचा. दगड लावलाच तर दोन तृतीयांश जमिनीत पुरायचा. नुसता वर ठेवलेला दगड पहिल्या म्हशीबरोबर गावात जातो. आणि चराचं तोंड वाटेच्या कडेपलीकडे हातभर नेऊन मोकळं सोडायचं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

सकाळी अवजारांवर अर्धा तास भाषण झालं, आणि ते बरोबर होतं हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कुदळ, कोयता खांद्यावर न्यायचा नाही. हातात, उताराच्या बाजूला, पातं खाली. घसरलात तर अवजार दरीकडे टाकायचं आणि आपण डोंगराकडे पडायचं. काम करताना दोघांत दहा फूट अंतर. आम्ही २२ जण होतो, कोयते ६ आणि त्यांपैकी धार असलेले २. त्यामुळे अंतराचा प्रश्नच आला नाही. बहुतेक जण रांगेतच उभे होते.

रांगेतल्यांना मग रानमोडी हे तण उपटायला लावलं. ही अमेरिका खंडातून आलेली बया नुसती छाटली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. ती मुळासकट काढायची, फुलण्याआधी आणि जमीन ओली असताना, म्हणजे ऑक्टोबर उत्तम. उपटलेली रोपं मुळं वर करून झुडपांवर टांगायची, नाहीतर मातीला टेकली की पुन्हा जीव धरतात. वाटेवर ठेवली तर उन्हाळ्यात वणव्याला आयतं खाद्य. २०२३ च्या मार्चमध्ये इथल्या जंगलात आगी लागल्या तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावं लागलं होतं. त्यामानाने मुळं वर करून टांगणं स्वस्त पडतं.

आजोबा शनिवारी साडेनऊला आले आणि मी खणत होतो तिथून सहा फुटांवर एका दगडावर बसले. दहा फुटांचा नियम मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. गुडघ्यापर्यंत पंचा, कमरेला आकडी, आकडीत कोयता. त्या कोयत्याने दाढी करता आली असती. सत्तरीत घरात कोकणी असली तरी देवळात, वर्तमानपत्रात आणि रंगमंचावर मराठी असते. आजोबांनी चाळीस वर्षं जत्रेच्या नाटकांत राजे आणि राक्षस केलेले. शहरातलं माणूस दिसलं की ते मराठी काढतात, आणि त्यांच्याजवळ जी मराठी आहे ती सगळीच्या सगळी सिंहासनावरून बोलायची आहे.

“महाशय,” ते म्हणाले, “हे आपण काय आरंभिलं आहे?”

“चर खणतोय, आजोबा.”

“कोणाच्या आज्ञेनं?”

“आज्ञा नाही. आमचा ग्रुप आहे. परवानगी घेतलीय.”

“आणि ह्या श्रमांचा मोबदला?”

“मोबदला नसतो. स्वयंसेवा.”

“म्हणजे फुकट.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कमरेत कळ आली होती आणि बोलल्याने खणणं थांबतं. म्हटलं, “फुकट नाही. आम्हीच बाराशे रुपये भरलेत.”

आजोबांनी चंची सोडली. पान पुसलं, चुना लावला, सुपारी कातरली, विडा गालात सारला. एवढा विराम मी कुठल्या नाटकात पाहिलेला नाही.

“कोणास?”

“संस्थेला.”

“ती संस्था खणते?”

“नाही. संस्था फोटो काढते.”

“धन्य!” त्यांनी उजवा हात आकाशाकडे नेला. मग हात खाली आला, सिंहासन गेलं आणि घरच्या कोकणीत, अगदी हळू, स्वतःशीच त्यांनी बाराशेचा आकडा पुन्हा एकदा उच्चारला. पावसात गाय वाहून गेल्याची बातमी माणूस ह्या आवाजात सांगतो.

त्यानंतर हिशेब. माणसं किती, २२. बाविसाला बाराशे म्हणजे २६,४०० हे त्यांनी बोटं न वापरता काढलं. मी मोबाइलवर पडताळलं, कारण तेवढ्यातही खणणं थांबतं. चर किती होणार, ७. “म्हणजे एक चर तीन हजार सातशे सत्तरास पडला,” आजोबा म्हणाले. “महाशय, ह्या भावात चराला आतून फरशी हवी.”

वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला मग ही वार्ता देण्यात आली. लाकडाची मोळी घेऊन जाणारी बाई थांबली, तिला सांगितलं. तिने मोळी खाली ठेवून मला नीट पाहून घेतलं. म्हशी घेऊन येणाऱ्या पोराला सांगितलं. त्याची एक म्हैस माझ्या ताज्या बांधावरून गेली, आणि मातीत खूर नेमका कुठवर जातो ते मला कळलं. (बांध पायाने चोपून भागत नाही. कुदळीच्या पाठीने थर-थर चोपायचा असतो. हे म्हैस गेल्यावर सांगण्यात आलं.) दुपारपर्यंत मंडळी खास बघायला येऊ लागली.

जेवणाच्या सुमारास आजोबा मुद्द्यावर आले. त्यांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, खाली ओढ्याजवळ. पाट दोनशे हात लांब, यंदा गाळाने भरलेला. गडी आठशे रुपये रोज मागतो, दोनदा चहा घेतो आणि तरीही येत नाही. “आपणांस खणण्याचा एवढा छंद असेल,” ते म्हणाले, “तर माझ्याकडे यावं. मी सातशेच घेईन. भोजन माझं. तंबू नको, पडवी आहे.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

पडवी हा शब्द रात्री फार आठवला. मुक्काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, देवळासमोरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर. सड्यावर तंबूची खुंटी शिरत नाही. १४ पैकी ११ वाकवून झाल्यावर कुणीतरी हे सांगितलं. तिथे दोरीचा फास नारळाएवढ्या दगडाला द्यायचा आणि दोरीवर, तंबूच्या अंगाला, दुप्पट मोठा दगड टेकवायचा. तंबूवर ‘चार माणसे’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या मापाची ते लिहिलेलं नसतं. चार माणसे म्हणजे दोन माणसे आणि दोन पिशव्या. आम्ही खरोखरच चौघे निजलो. डास येतील म्हणून एकाने हवेच्या झडपा लावून घेतल्या आणि चौघांचा श्वास छताला लागून पहाटे थेंबाथेंबाने ज्याचा त्याला परत मिळाला. तंबूखाली अंथरलेलं कापड तळापेक्षा चार बोटं आत असावं लागतं. बाहेर राहिलं तर तंबूवरून ओघळणारं पाणी ते झेलतं आणि पाठीखाली आणून पोचवतं. आमचं हातभर बाहेर होतं. तीन वाजता परतीच्या पावसाची सर आली.

प्रातर्विधीची गोष्ट एका वाक्यात : पाण्यापासून सत्तर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, मातीने बुजवायचा, आणि खुरपं परत जागेवर ठेवायचं. शेवटच्या कलमावरून दोघांचं बोलणं बंद आहे.

जळवांना घाबरणारे पुष्कळ होते, गोचिडीला कुणीच नाही. हे उलटं आहे. जळू पोट भरलं की आपणहून सुटते. घाई असेल तर तिचं निमुळतं टोक नखाने कातडीवरून बाजूला सारायचं, उपटायची नाही. गोचीड मात्र माकडताप देऊ शकते आणि सत्तरीला २०१५ पासून त्याची चांगली ओळख आहे. नोव्हेंबर ते मे हे त्याचे मुख्य दिवस. पँट मोज्यांत खोचायची, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल चोळायचं, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, घरी गेल्या गेल्या आंघोळ करून काखा-जांघा तपासायच्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं. ह्यावर शिबिरात दोन मिनिटं बोलले. सामूहिक फोटोत कुणी कुठे उभं राहायचं ह्याला वीस मिनिटं.

रविवारी सकाळी पाहतो तर सहा चर रिकामे आणि माझा काठोकाठ भरलेला. रात्री अंधार पडता पडता काम उरकताना मी खणलेली माती चराच्या तोंडाशीच टाकली होती. पाणी शिस्तीत वळलं, चरात आलं आणि तिथेच राहिलं. त्यात एक बेडूक होता. तो समाधानी दिसत होता.

आजोबा दगडावर हजर होतेच.

“महाशय,” ते म्हणाले, “नेत्रावळीस बुडबुड्यांची तळी आहे. आमच्या गावी काही नव्हतं.”

मी काही बोललो नाही. ते उठले, माझ्या हातातून कुदळ घेतली आणि तोंडाशी एक, दोन, तीन. पाणी घळाघळा दरीत गेलं, मागोमाग बेडूक. आणि नेमका तेव्हाच फोटोवाला वळणावरून आला. समोर कॅमेरा बघताच चाळीस वर्षांची रंगभूमी जागी झाली. पाय बांधावर, कुदळ गदेसारखी, छाती पुढे, नजर घाटमाथ्याकडे. मी चौकटीच्या कडेला वाकून चिखल काढत होतो. बाकी तुम्हाला माहीत आहे.

ई-प्रमाणपत्र काल आलं. आडनाव चुकलंय. त्याचंही मला काही नाही. पण चर पाऊस लागण्याआधी, मे अखेरीला, एकदा उपसावा लागतो आणि पावसाळ्यात एकदा बघावा लागतो. नाहीतर पुढच्या ऑक्टोबरला त्याच जागी आणखी २२ जण बाराशे भरून तोच चर खणतील. ग्रुपवर विचारलं, मेमध्ये कोण येणार? फोटोला २१४ अंगठे. ह्या प्रश्नाला एक हात जोडलेलं चित्र, तेही चुकून पडल्यासारखं. मेमध्ये उकडतं, फोटो चांगले येत नाहीत. वाटेच्या सुरुवातीला हल्ली काँक्रीटची कमान असते, बाकडी असतात, सेल्फी काढायला रंगीत फलक असतो. कोयत्याला धार लावायला शंभर रुपयांचा दगड नसतो. आणि ज्यांना प्रत्येक ओघळ नावानिशी ठाऊक आहे ते सहा फुटांवर पान चघळत बसलेले असतात, त्यांना आठशे रुपये रोज द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. सव्वीस हजार चारशेत असे तेहतीस रोज बसतात. आजोबांची लागण झालीय मला, मीही आता भागाकार करतो.

रात्री त्यांचा फोन आला. नंबर कधी घेतला होता देव जाणे.

“महाशय, रविवारी येणं होत आहे ना?”

“सातशे जास्त होतात, आजोबा.”

पलीकडे सुपारी कातरल्याचा आवाज. मग दीर्घ विराम.

“पाचशे. कुदळ मात्र आपली आणावी. आणि तो फोटोवाला येत असेल तर चारशे.”