आपो बेट आणि पोटावरचा पाय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिलिपिन्समधल्या आपो बेटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'अभयारण्य म्हणजे मच्छीमाराच्या पोटावर पाय, लोकसहभाग हा वरचा मुलामा. आणि पाणी तापून प्रवाळ मरणारच, तर राखण कशाला?' तुम्ही मालवणचे, त्यामुळे हा राग मला परका वाटत नाही. तिथलं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं चालू राहिला.

आपोत मात्र सुरुवात गावातून झाली. सिलिमन विद्यापीठाचे आंजेल आल्काला तिथल्या मच्छीमारांशी बोलत राहिले, त्यांना शेजारच्या सुमिलॉन बेटावरची राखीव जागा दाखवली. १९८२ मध्ये मोजकी कुटुंबं तयार झाली आणि किनाऱ्यालगतचा साधारण साडेचारशे मीटरचा पट्टा त्यांनी मासेमारी न करता राखीव सोडला. बाकी समुद्र खुला होता. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्यासारख्या विध्वंसक पद्धती तेवढ्या बंद. पहाऱ्याला गावातलीच माणसं. त्यांना तिथे 'बांताय दागात' म्हणतात, म्हणजे दर्याचे राखणदार.

पोटाचं म्हणाल, तर सुमिलॉनचंच पाहा. तिथे १९७४ पासून प्रवाळभित्तीचा चौथा हिस्सा बंद होता. १९८४ मध्ये स्थानिक राजकारणात ती बंदी मोडली. मासेमारीला जागा वाढली, तरी दोनेक वर्षांत मासळी जवळपास निम्म्यावर आली! बंद जागेत वाढलेला मासा बाहेर येतो आणि शेजारच्याच जाळ्यात सापडतो, तो ओघ आटला. पोटावर पाय आला तो बंदी उठल्यावर.

एका बाबतीत तुमचं खरं आहे. १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, कारभार सरकारी मंडळाकडे गेला आणि बेटावरच्यांचा शब्द हलका झाला. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

पाणी तापणं कोणताही राखणदार थांबवू शकत नाही. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी आपोच्या त्या राखीव पट्ट्यातलेच प्रवाळ उद्ध्वस्त केले. पण मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजलं की नवं पिल्लू तिथे रुजत नाही, आणि ते शेवाळ खाऊन जागा मोकळी ठेवतात ते पोपटमासे. तेच उपसून नेले, तर खडक पुन्हा जिवंत व्हायचा कसा? राखण लागते ती याच्यासाठी.

आपोची नक्कल मालवणात करा, असं मी म्हणणार नाही. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या मंडळींनी पूर्वी एखादी जागा आपणहून सोडल्याचं तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना आठवतं का? विचारून जरूर लिहा.