ट्रॉन्डहाइमचा लाल पूल ‘340 वर्षे जसाच्या तसा’? नाही

नॉर्वेच्या सहलीचे फोटो आले की एक मजकूर हमखास सोबत फिरतो: ‘ट्रॉन्डहाइमचा हा लाकडी पूल व्हायकिंगांच्या वाटेवर 1681 साली बांधला, तो आजही जसाच्या तसा उभा आहे, आणि त्याच्या कमानीला पूर्वापार सुखाचे द्वार म्हणतात.’

व्हायकिंगांचे आधी उरकून घेऊ. तो काळ साधारण 1066 ला संपला असे मानतात. 1681 त्यानंतर सहाशे वर्षांनी येते.

1681 हे साल मात्र खरे आहे, फक्त ते आजच्या पुलाचे नाही. त्या एप्रिलमध्ये शहराचा बराचसा भाग जळाला. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने पुनर्रचनेचे काम योहान कास्पार फॉन सिसिग्नॉन या लक्झेंबुर्गमध्ये जन्मलेल्या सेनाधिकाऱ्याकडे दिले. आग घरांच्या एका ओळीतून दुसरीत उडू नये म्हणून त्याने मुन्केगातासारखे रुंद रस्ते आखले. पूर्वेच्या टेकडीवर क्रिस्तियानस्तेन किल्ला उभा राहिला आणि त्याच सुमारास निदेल्वा नदीवर आजच्या पुलाआधीचा पूल झाला. नदी शहराला जवळजवळ वेढा घालते, त्यामुळे पूल म्हणजे तटबंदीला पाडलेले भोकच. म्हणून तिथे दरवाजा, पहारा आणि जकात, तिन्ही आले. सैनिकांचा पहारा 1816 पर्यंत होता. पश्चिम टोकाचे जकात-पहाऱ्याचे घर अजून उभे आहे. जुने काही पाहायचेच असेल तर ते पाहा. फोटोत ते सहसा कडेला कापले जाते.

आता ‘जसाच्या तसा’. आजचा पूल आणि त्याच्या कोरीव लाल कमानी 1861 च्या, नगर अभियंता कार्ल आडोल्फ डाल यांच्या आराखड्याच्या. आधीचा पूलही लाकडीच होता, आणि उघड्यावरच्या लाकडी पुलाने पावणेदोनशे वर्षे काढली तरी पुष्कळ झाले. कायम पाण्याखाली बुडालेले लाकूड टिकते, कारण बुरशीला प्राणवायू मिळत नाही. कायम कोरडे असलेलेही टिकते. सडते ते ओले-सुके होत राहणारे: तुळईचे टोक दगडावर टेकते तिथे, सांध्यात, फळीखाली खिळा घुसतो तिथे. टोकातून पाणी तंतूंच्या दिशेने आत शिरते, वरून रंग ठणठणीत दिसतो आणि आत भुसा झालेला असतो. अशा तुळया बदलाव्याच लागतात. म्हणजे 1861 च्या पुलातलेसुद्धा प्रत्येक लाकूड 1861 चेच आहे, असे धरून चालू नये.

डाल यांच्या वेळी दरवाजांचे लष्करी काम संपले होते, तरी कमानी ठेवल्या. आज फोटो निघतो तो त्याच सजावटीचा.

राहिले सुखाचे द्वार. हे नाव रूढ झाले ते विसाव्या शतकातल्या, ऑस्कर होड्डो यांच्या निदेल्वा नदीवरच्या गाण्यामुळे. त्यात या जुन्या पुलाला ‘लूकेन्स पोर्ताल’ म्हटले आहे. सतराव्या शतकातला शेतकरी या दारात यायचा तो जकात भरायला.